लेण्यातला पांढरा खांब

मी तीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला. वर्षाच्या पहिल्या तासाला फळ्यावर लिहायची, 'इतिहास म्हणजे जे खरं घडलं ते', आणि मुलांकडून तीनदा म्हणवून घ्यायची. लोणावळ्याच्या बाजारात अजून एखादा टक्कल पडलेला गृहस्थ भाजीची पिशवी खाली ठेवून पाया पडतो आणि म्हणतो, बाई, तुमच्यामुळं आम्हाला इतिहासाची गोडी लागली. मी बरं बरं म्हणते आणि पुढं सरकते. मला स्वतःला ती गोडी कशी लागली, हे मात्र मी कुणाला धड सांगितलेलं नाही. सांगितलं ते अर्धंमुर्धं, माझ्या सोयीचं. आता उरलेलं लिहायला बसले आहे आणि सकाळपासून दोनदा उठून उगाच चहा करून आले.

आमचं घर बेडशाच्या लेण्यांच्या पायथ्याला. माझे वडील, आबा, गावचे पोलीस पाटील. घरात दिवस उजाडायचा तो उखळातल्या मुसळाच्या आवाजानं. आई आणि चुलती समोरासमोर उभ्या राहून आंबेमोहोर कांडायच्या आणि त्या वासानं मला जाग यायची. वारा फिरला की डोंगरापलीकडून कामशेतच्या गाडीची शिट्टी ऐकू यायची. आई त्या शिट्टीवर तवा ठेवायची, घड्याळ आमच्याकडं नव्हतंच. थंडीत रात्री हुलग्याची शेंगोळी आणि भात. शेंगोळ्यांत लसूण जरा सढळ पडला की आबा दोन घास जास्त जेवायचे, बोलायचे मात्र काही नाहीत. आबा एकूणच कमी बोलत. गावात त्यांचा दरारा होता आणि घरात आम्ही त्यांच्या जोड्यांच्या आवाजावरून त्यांचा नूर ओळखायचो.

वर डोंगरात लेणी होती. होती म्हणजे होती, त्याचं आम्हाला कौतुक नव्हतं. पांडवांनी एका रात्रीत कोरली, कोंबडा आरवला म्हणून अर्धवट टाकून गेले, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यापुढं कुणी विचारत नव्हतं. खांबांचं मोठं लेणं रिकामंच असायचं. पावसाळ्यात ठाकरवाडीची माणसं तिथं शेरडं बांधायची, शेकोट्या पेटवायची, त्यामुळं आतले खांब काळेकुट्ट झाले होते. शेजारच्या लेण्यात यमाई. नवरात्राच्या आधी गावातल्या बायका वर जाऊन यमाईची खोली शेणानं सारवायच्या आणि भिंतींना पांढऱ्या मातीचा पोचारा द्यायच्या. ती पांढरी माती आणायचा मान ठाकरवाडीचा. ती कुठं सापडते हे फक्त त्यांनाच ठाऊक आणि दुसऱ्या कुणाची माती देवीला चालायची नाही. हा मान ध्यानात ठेवा, कारण पुढं सगळं त्याच्यावरच गेलं.

ठाकरवाडी म्हणजे लेण्यांच्या वरच्या सपाटीवरची सात-आठ खोपटी. लेण्यांच्या तोंडाशी कातळात खोदलेलं एक टाकं आहे, वैशाखातही आटत नाही, त्यावर ही वाडी जगायची. वाडीतली बुधीमावशी आमच्याकडं लाकडाची मोळी, मध, कंद असं काही घेऊन यायची आणि पडवीच्या कडेला टेकून आईशी गप्पा मारायची. बारीक, काटक, कपाळावर गोंदण, बोलणं तोडून टाकल्यासारखं, पण मनानं लय मऊ. मला डोंगराची वाट तिनंच शिकवली. कुठला दगड हलतो, कुठल्या झुडपाला हात लावायचा नाही, करवंद आतून लाल निघणार की पांढरं हे बाहेरून कसं ओळखायचं, सगळं. मी तिच्या मागं मागं असायची. आई म्हणायची, हिला आता ठाकरवाडीतच देऊन टाकू. बुधीमावशी म्हणायची, "द्या की. पर शेण काडाया लावीन, पाटलाची लेक म्हनून सोडायची न्हाई."

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर पुण्याहून एक मास्तर आले. कॉलेजात शिकवत, पण आमच्याकडं सगळेच त्यांना लेण्यांचे मास्तर म्हणायला लागले. कामशेतला उतरून छकड्यातून आले, आबांच्या पडवीत उतरले. पाहुण्यांना वर घेऊन जायला मोकळं कुणी नव्हतं, भातकापणी चालू होती, म्हणून आबा मला म्हणाले, "हौसे, जा गं तू, वाट दाव त्यास्नी." मी तेरा वर्षांची होते. चौथी झाल्यावर शाळा सुटली होती आणि माझ्या लग्नाचं घरात अधूनमधून निघू लागलं होतं.

मास्तर चढताना बोलत नव्हते, वर पोचल्यावर मात्र थांबेनात. दाराशी ते चार उंच खांब, वर घोडे, हत्ती, त्यांच्यावर बसलेली माणसं. मी शंभरदा पाहिलेलं. मी आपली शहाणपणानं पांडवांची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "बाळ, पांडव नव्हेत. माणसं होती. तुझ्या गावातल्यासारखीच. कुणी व्यापारी, कुणी सुतार, कुणी भिक्षू. कोकणातून घाट चढून माल यायचा, ती वाट इथून जायची. पावसाळ्यात भिक्षू इथं राहायचे. आणि ही एका रात्रीत नाही कोरली, पिढ्या खपल्या." मग टाक्याजवळ नेऊन वरची अक्षरं दाखवली. आम्हाला ते नुसते ओरखडे वाटायचे. त्यांनी बोट फिरवत फिरवत वाचलं आणि मग मराठीत सांगितलं की हे टाकं एका बाईनं दान दिलं आहे. मोठ्या घरची लेक होती, तिचं नाव इथं आहे, तिच्या नवऱ्याचंही आहे. दोन हजार वर्षांपूर्वी एका बाईनं वाटेवरच्या माणसाला पाणी मिळावं म्हणून हे खोदवलं, आणि त्याच पाण्यातून माझी बुधीमावशी हंडा भरते. मला काय झालं ते सांगता येत नाही. मी त्या अक्षरांवरून मास्तरांसारखंच बोट फिरवून बघितलं. गोडी लागली म्हणतात ती त्या क्षणी लागली. मुलांना मी एवढंच सांगत आले.

आत गेल्यावर मास्तरांनी डाव्या रांगेतला एक खांब निरखला. खिशातून कापूस काढला, टाक्याच्या पाण्यात भिजवून पिळला आणि खांबावर अगदी हळू टेकवला, तान्ह्या पोराचं तोंड पुसावं तसा. काजळीखालून एक डोळा वर आला. मग कान, कानात मोठं कुंडल, गालाची लालसर कड. अर्धा चेहरा, ओल होती तोवर दिसणारा. मास्तरांनी कापूस लगेच मागं घेतला. "चित्र आहे," ते म्हणाले, "हे कुणाला ठाऊकच नाही." होळीच्या सुमारास चित्रकाराला घेऊन परत येतो, मग नीट पद्धतीनं काजळी काढू, नक्कल करू, असं त्यांनी ठरवलं. आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "तोवर तू याची राखणदार. कुणाला हात लावू देऊ नकोस." संध्याकाळी शेंगोळी खाताना ते आबांना म्हणाले, पाटील, मुलगी हुशार आहे, हिची शाळा थांबवू नका. माझ्या घरी पत्नी आहे, मुली आहेत, हिला पुण्याला पाठवा. आबांनी पुष्कळ वेळ भात कालवला आणि म्हणाले, "बगू. तुमी परत येशिला तवा बोलू."

झालं, माझा सगळा जीव होळीकडं लागला. रोज वर जायची, त्या खांबाजवळ शेरडू फिरकू द्यायची नाही, वाडीतल्या पोरांना दगड घेऊन हाकलायची. बुधीमावशी चिडवायची, "काय गं पाटलीनबाई, खांबासंगं लगीन लावतीस का काय." मास्तरांचं पत्र आलं, अमुक दिवशी येतो. घरात धांदल उडाली. आईनं अंगण सारवलं, पडवीला पोचारा दिला, तांब्याच्या घागरी चिंचेनं घासून लखलखीत केल्या. पाहुणा येणार म्हटल्यावर आमच्यात हेच करतात, घर उजळायचं. आणि मला वाटलं, वरचं घर माझं. माझा पाहुणा यायचा आणि त्यानं काजळीनं माखलेलं तोंड बघायचं? कुणाला हात लावू देऊ नकोस, असं ते म्हणाले होते. कुणाला म्हणजे दुसऱ्याला, असंच मी धरलं. मी तर राखणदार.

आदल्या दिवशी सकाळी मी राख, चिंच आणि नारळाची शेंडी पदराखाली लपवून वर गेले. टाक्यातून पाणी घेतलं, खांब ओला केला. तो डोळा परत वर आला, पहिल्यापेक्षा टवटवीत. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. मग शेंडीला राख लावून घासायला लागले. काजळी सुटत होती, खाली ओघळत होती, आणि मी आणखी जोर लावत होते. काळं पाणी संपलं आणि लाल पाणी यायला लागलं. ते मनगटावरून कोपरापर्यंत आलं तरी मला उमगलं नाही. मी थांबले तेव्हा गाल नव्हता. कुंडल नव्हतं. डोळ्याच्या जागी कातळ होता, स्वच्छ, ओला, कोरा.

इथवर ती चूक होती. अडाणी पोरीची चूक, तिला कुणीही क्षमा करावी. मास्तरांनी केलीच असती, आज मला खात्री आहे. पण त्यानंतर मी जे केलं ते चुकून नाही केलं. मी हात धुतले, वाडीवर गेले आणि बुधीमावशीला म्हणाले, आईनं पांढरी माती मागितली आहे, यमाईच्या खोलीसाठी. ती शेरडांना पाला घालत होती. म्हणाली, "आत्ता? नवरात्र कुटं आलं?" मी म्हटलं, उद्या पाहुणे यायचेत. तिनं आत जाऊन मातीचा मोठा गोळा पानात बांधून आणून दिला. "न्हे. पर चांगली भिजू दे, न्हाईतर पोपडं धरत्यात." मी ती माती कालवली आणि फडक्यानं तो खांब खालपासून माझा हात पोचेल तिथवर पांढरा करून टाकला. एकच खांब उठून दिसेल म्हणून शेजारचे दोनही केले. इतकी अक्कल मला होती.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले, बरोबर चित्रकार, त्याच्या पाठीवर कागदांची गुंडाळी. आबाही वर आले होते, पाटील म्हणून. मास्तर आत गेले आणि त्या खांबासमोर नुसते उभे राहिले. मग खालीच बसले, धोतर मळेल याचा विचार न करता. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "हौसा, तू होतीस ना गं लक्ष ठेवायला?" मी म्हटलं, "मला न्हाई ठावं. मी परवापासून आलेच न्हाई वर." शब्द किती सरळ निघाले.

आबांना पुढचं विचारावं लागलं नाही. त्यांनी पांढऱ्या खांबाला बोट लावलं, वास घेतला आणि वाडीला बोलावणं धाडलं. सगळी वाडी लेण्याच्या अंगणात येऊन उभी राहिली. बुधीमावशी पुढं होती, वाडीचं बोलणं तीच बोलायची.

"माती कुनाची ही?" आबांनी विचारलं.

"माती आमचीच हाय, आबा."

"दुसऱ्या कुनाला घावती का?"

"न्हाई. आमालाच घावती."

"मग हात कुनाचा?"

बुधीमावशीनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. शाळेत मास्तर प्रश्न विचारून थांबतात ना, उत्तर ठाऊक असलेल्या मुलाकडं बघत, तसं. मी आबांच्या मागं उभी होते आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. मला आठवतं, माझ्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट होती, पुण्याची शाळा. मी बोलले तर शाळा गेली. बुधीमावशीनं पुष्कळ वेळ वाट बघितली, मग मान खाली घातली. म्हणाली, "माती आमची म्हंजे आमीच की, आबा. आनिक काय सांगू."

आबांनी तिथंच हुकूम केला, ठाकरवाडीनं आजपासून लेण्यात पाऊल ठेवायचं नाही, टाक्याला हंडा लावायचा नाही. मास्तर उठून म्हणाले, "पाटील, पाणी तोडू नका. चित्र गेलं ते गेलं, माणसांचं पाणी कशाला?" आबा म्हणाले, "मास्तर, सरकारी वस्तूला माज्या गावात हात लागला. माजं नाक गेलं. हे मला बगू द्या." त्या दिवशी रात्री जेवताना मास्तर आबांना परत म्हणाले की मुलीला पाठवा, तिनं चार महिने राखण केली, तिची काय चूक. आबा म्हणाले, न्या. मी ताटावर मान खाली घालून बसले होते. आई वाढायला वाकली आणि तिचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं. नखांच्या कडेला पांढरं होतं. तिनं ते पाहिलं, मी तिला पाहताना पाहिलं. ती एवढंच म्हणाली, "पुन्याला जायचंय नव्हं तुला? मग जेव गप." आणि भातावर तूप घातलं. आईनं नंतर कधी विषय काढला नाही, मीही नाही, आणि ती गेली तोवर आमच्या दोघींच्या मध्ये ते तसंच राहिलं.

तो उन्हाळा मी घरातच काढला. वाडीच्या बायका आता पाण्याला खाली येत, आमच्या दारावरून ओढ्याच्या डोहाकडं जात आणि भरला हंडा डोक्यावर घेऊन सबंध डोंगर चढत. दोन हंड्यांना अर्धा दिवस जायचा. बुधीमावशी आमच्याकडं यायची थांबली होती, पण रस्ता दारावरूनच होता. तिच्या चढण्याचा मला आवाज कळायचा, तिचा गुडघा धरलेला होता, एक पाय घासत टाकायची. तो आवाज आला की मी आत माजघरात जाऊन काहीतरी निवडत बसायची. रोज ठरवायची, आज सांगते आबांना. सकाळी ठरवलं की दुपारी बेत फिरायचा, आणि मे संपता संपता माझी ट्रंक भरली. गाडी सुटली तेव्हा मला रडू आलं, आणि सगळ्यांना वाटलं आईसाठी रडते आहे.

पुण्याला मी चांगली शिकले. मास्तरांच्या बाईंनी मला लेकीसारखं वाढवलं, आणि मास्तर आल्यागेल्याला सांगायचे की बेडशाच्या लेण्यांची ही आमची राखणदार. ते वाक्य मी सहा वर्षं ऐकलं आणि दर वेळी मान खाली घातली. लोक म्हणायचे, किती विनयशील आहे मुलगी.

दोन उन्हाळ्यांनंतर वाडी उठली. कुणी कुसगावच्या बाजूला गेलं, कुणी खंडाळ्याला रुळांच्या कामावर. हे मला आईच्या पत्रातून कळलं, तेही भाताच्या बातमीखाली एका ओळीत. पुढं आबा गेले, नव्या पाटलाला टाक्याचं काही सोयरसुतक नव्हतं, पण पाणी प्यायला तिथं उरलं होतं कोण?

मी लोणावळ्यात शिक्षिका म्हणून लागले त्या वर्षी स्टेशनाबाहेर करवंदं विकणाऱ्या बायकांत मला बुधीमावशी दिसली. केस पांढरे झाले होते, गोंदण तेच. मी समोर जाऊन बसले. तिनं मला ओळखलं, "हौशी का गं तू," म्हणाली, आणि पानांचा द्रोण करून करवंदं भरायला लागली. मी पुष्कळ इकडचं तिकडचं बोलले. मग विचारलं, मावशी, तू त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलंस?

तिनं द्रोण भरायचा थांबवला नाही. "म्या कशापायी घिऊ? तुला तोंड व्हतं की. म्हनलं, आत्ता बोलंल पोर. मग म्हनलं, समद्यांम्होरं भ्याली, सांच्याला बापाला सांगंल. मग उनाळाभर हंडा घिऊन जाताना रोज तुमच्या दाराकडं बगायची." एक करवंद बाजूला काढून टाकलं, किडकं होतं. "मग कळलं, तू पुन्याला गेलीस म्हनून. तवा बगायचं सोडलं."

मी रडले नाही. तिथं रडणं म्हणजे तिलाच माझे डोळे पुसायला लावणं झालं असतं. मी द्रोण घेतला आणि शाळेत आले. तिच्या देखत मी कबूल झाले होते असं मनाला समजावलं. पण ज्यांच्यापुढं बोलायला हवं होतं, त्यांच्यापुढं मी तोंड उघडलंच नव्हतं.

गेल्या वर्षी नातीनं हट्ट केला म्हणून दम खात खात परत वर गेले. आता पायऱ्या आहेत, पाटी आहे. एक तरतरीत तरुण पाहुण्यांना लेणी दाखवत होता. सगळं नीट सांगत होता, व्यापारी, भिक्षू, घाटवाट, टाक्यावरचा लेख. डाव्या रांगेतल्या त्या खांबापाशी थांबला, अजून तिथं पांढरट डाग आहेत, आणि म्हणाला, इथं पूर्वी चित्र होतं, पण इथल्या ठाकर लोकांनी अज्ञानापोटी माती फासली. पाहुण्यांनी च्च च्च केलं. नात माझ्याकडं वळून म्हणाली, आजी, तू इथलीच ना, खरं आहे का हे? मी म्हटलं, "चल, ऊन वाढतंय." एकाहत्तर वर्षांची बाई, आणि परत तेच. घरी येऊन त्या रात्री वही काढली, लिहायला मात्र आज बसले.

टाकं देणाऱ्या बाईचं नाव दगडात कोरलेलं आहे. ते बंद पडलं कुणापायी, हे कुठंच लिहिलेलं नाही, म्हणून इथं लिहिते. चित्र मी पुसलं. माती मी फासली. बुधी ठाकरीण आणि तिच्या वाडीचा त्यात काही दोष नव्हता. वही पुरी झाली की पहिल्यांदा नातीला वाचायला देणार आहे, आणि मग तिच्याबरोबर वर जाऊन लेणी दाखवणाऱ्या त्या मुलाला गाठणार आहे.